जळलेल्या तेलाचा हिशेब

काटकसर हा आम्हांला वाडवडिलांकडून लाभलेला गुण आहे. वसईच्या वाडीत केळीचे सोपटसुद्धा वाया जात नसे. ते वाळवून त्याचे बंध होत. तीच दृष्टी भाजी-फुले स्टेशनापर्यंत वाहणाऱ्या जुन्या डिझेल गाडीकडे वळली, यात नवल नाही. वस्तू चालते आहे तोवर ती टाकू नये, ही आमची धारणा. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात वापरून फेकण्याच्या वृत्तीवर टीका केली, तेव्हा अनेक वृद्ध शेतकऱ्यांना त्यात आपलेच विचार दिसले असतील.

परंतु जुनी गाडी स्वस्तात राखताना दोन अगदी भिन्न गोष्टी आपण एकाच नावाने ओळखतो. स्वस्त तेल घेणे ही एक. जुन्या, साध्या बांधणीच्या डिझेल इंजिनाला महागडे कृत्रिम तेल लागतेच असे नाही. योग्य प्रतीचे साधे खनिज तेल वेळेवर बदलले, तर ते उंची तेल दुप्पट काळ तसेच ठेवण्यापेक्षा बरे. त्यात कमीपणा कसला?

दुसरी गोष्ट म्हणजे एका गाडीतून उतरवलेले तेल फडक्यातून गाळून दुसरीत ओतणे. “इंजिन नाहीतरी तेल खातेच, मग नवे कशाला?” हा युक्तिवाद गॅरेजमध्ये सर्रास ऐकू येतो. तो वरवर पटतोही. तेल काळे झाले म्हणजे बिघडले असे नव्हे. डिझेलची काजळी अंगावर घेऊन ती इंजिनात साचू न देणे हे तेलाचे कामच आहे. पण फडक्यातून गाळल्याने कण तेवढे निघतात. बारीक काजळी, मिसळलेले डिझेल आणि आम्ले तशीच राहतात, आणि त्या आम्लांना मारणारी द्रव्ये एव्हाना संपत आलेली असतात. कारखान्यात ऊर्ध्वपातन करून शुद्ध केलेल्या तेलाची गोष्ट वेगळी. ते खरोखर पुन्हा तेल होते. फडक्याला ते साधत नाही. बेअरिंग झिजते, निळा धूर निघतो, आणि तो मागून सायकलवर येणाऱ्याच्या छातीत जातो.

पाच भाकरींच्या चमत्कारानंतर प्रभूने उरलेले तुकडे गोळा करावयास सांगितले, याचा दाखला अशा वेळी हमखास दिला जातो. दाखला सुंदर आहे. मात्र त्या बारा टोपल्यांत जमली ती भाकरच होती. ती खाणाऱ्याला अपाय होणार नव्हता.

इथे प्रश्न नीतीचा होतो. वाचलेले पैसे आपल्या खिशात राहतात. त्यांची किंमत कोण देतो? गॅरेजमधला कोवळा मुलगा दिवसभर उघड्या हातांनी हे तेल हाताळतो. वापरलेल्या इंजिन तेलातील काही द्रव्ये कर्करोगकारक आहेत, हे त्याला कोणी सांगत नाही. कुंपणाच्या खांबांना तेच तेल फासले जाते, उरलेले गटारात जाते, आणि पावसाळ्यात बावखलाच्या पाण्यावर त्याचा रंगीत तवंग दिसतो. बावखल एकट्याचे नाही. त्याचे पाणी शेजाऱ्याच्या विहिरीलाही झिरपते. स्वतःचे इंजिन बिघडवण्याचा हक्क मालकाला असेलही, विहिरीवर त्याचा तसा हक्क नाही.

गरिबीचे कारण खोटे आहे असे आम्ही म्हणणार नाही. हंगाम बुडाला की पाच-सहा लिटर नवे तेलही जड जाते. पण जळलेले तेल योग्य ठिकाणी देण्याला गरिबी आड येत नाही, सोय नसणे आड येते. 2016 च्या नियमांनुसार हे तेल घातक कचऱ्यात मोडते आणि ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जावे लागते. प्रत्यक्षात ते भंगारवाल्याकडे जाते, आणि पुढे कोणत्या डब्यात भरले जाते याची चौकशी आपण करीत नाही. धर्मग्रामातल्या गाडीवाल्यांनी मिळून एक पिंप ठेवले तर वर्षाकाठी ते सहज भरेल. ते कोणाच्या आवारात ठेवायचे आणि भरल्यावर कोणाच्या गाडीने न्यायचे, हे आधी ठरवावे लागेल.