न केल्याचा दोष

लेकीला पाचवा महिना. खालची दाढ ठणकते आहे, मुळाशी पू झालाय. दंतवैद्यांनी रूट कॅनाल सांगितलं आणि माहेरी वाद सुरू झाला.

आई : बाळंतपण होऊ दे, मग कर. भुलीचं इंजेक्शन, एक्स-रे, गोळ्या... पोटातल्या जीवाला कोणी विचारलंय?

लेक : पू झाला तोही त्याला विचारून नाही.

आई : तो आपोआप झाला. इंजेक्शन तू घेणार. काही वावगं झालं तर जन्मभर म्हणशील, घेतलं नसतं तर!

लेक : आणि थांबले, पू पसरला, ताप चढला, तर?

आई : तर नशीब म्हणशील.

सगळा पेच इथेच आहे. केल्याचा दोष आपण स्वतःकडे घेतो, न केल्याचा नशिबावर टाकतो. बाळाला मात्र धोका कुठूनही आला तरी धोकाच.

लेक : उपचार टाळला म्हणून औषध टळत नाही गं. ठणका लागला की गोळी घ्यावीच लागते. आयबुप्रोफेन 20 आठवड्यांनंतर टाळायला सांगतात, बाळाच्या मूत्रपिंडांना त्रास होऊ शकतो. पॅरासिटामॉल चालतं, पण त्याने पू जात नाही.

आई : थॅलिडोमाइड नावाचं औषधही निर्धोकच म्हणून विकलं होतं. 1957 मध्ये जर्मनीत बाजारात आलं, 1961 मध्ये मागे घेतलं. तोवर हजारो मुलं अधू हातापायांची जन्मली.

लेक : म्हणून तर प्रत्येक औषधाचं नाव विचारायचं. टेट्रासायक्लिन मीच घेणार नाही, बाळाच्या दातांवर डाग पडतात. पण लिडोकेनची भूल गरोदरपणात कितीतरी वर्षं देतायत. एक्स-रेचा झोत जबड्यावर असतो, गर्भापर्यंत अगदी नगण्य किरण पोचतात. अमेरिकेत 823 गरोदर बायकांचा अभ्यास झाला, 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. काहींच्या हिरड्यांवर गरोदरपणातच उपचार केले, बाकीच्यांवर बाळंतपणानंतर. उपचारांमुळे अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं कमी झाली नाहीत, पण वाढलीही नाहीत.

आई : त्या 823 जणींत तू नव्हतीस.

लेक : नव्हते. शंभर टक्के खात्री मला कोणी देणार नाही. पण थांबण्याची तरी खात्री कोण देतंय?

आई : आम्ही सोसलंच की. एका मुलामागे एक दात जायचाच.

लेक : बाळ आईच्या दातांतलं कॅल्शियम ओढत नाही. तुझी दाढ उपचार न झाल्याने गेली असेल. आणि बाळंतपणानंतर मी अंगावर पाजत असेन, तेव्हा म्हणशील, दूध सुटू दे. भुलीचं औषध दुधात नावापुरतं उतरतं, दूध काढून टाकावं लागत नाही, तरीही म्हणशील.

आई : म्हणेन. पण तुझ्या डिलिव्हरीच्या मॅडमशी बोलल्याशिवाय खुर्चीत बसायचं नाही.

ही अट रास्त आहे, आणि आईची भीतीही. तरी माझा कौल लेकीला आहे. थांबणं हाही निर्णयच, आणि त्याचीही जबाबदारी असते. चौथ्या ते सहाव्या महिन्यात खुर्चीत बसणं सर्वांत सोयीचं. पण पू, सूज, ताप असेल तर कुठलाही महिना असो, थांबू नका. गरोदर आहात किंवा पाजता आहात, हे दंतवैद्यांना सगळ्यात आधी सांगा.