रिकाम्या गाडीत कोण बसलेलं असतं?

हिंगोली जिल्ह्यातलं हजारेक वस्तीचं एखादं गाव डोळ्यांसमोर आणा. मारुतीचं देऊळ, पार, अंगणवाडी, चौथीपर्यंतची शाळा, किराण्याची दोन दुकानं. दवाखाना नाही, आशाताई आहेत. कॉलेज, बँक, रक्ताची तपासणी, हळद विकायला मोंढा, सगळं तालुक्याला किंवा त्याहून लांब. म्हणून अशा गावातली सगळ्यात मोठी सोय बहुतेक वेळा इमारत नसते. संध्याकाळी येऊन पहाटे परत निघणारी मुक्कामी गाडी असते.

आता समजा, त्या गाडीत रोज पाचच माणसं बसतात. डिझेलचेही पैसे निघत नाहीत. ती चालू ठेवावी का?

‘परवडत नाही’ म्हणणारा माणूस दुष्ट नसतो. तीच गाडी मोठ्या गावाला दिली तर पन्नास जणांची सोय होईल. पाचांसाठी पन्नासांना ताटकळत का ठेवायचं? प्रश्न रास्त आहे.

पण त्यानं मोजलं काय? तिकिटं. अकरावीला जाणारी मुलगी त्या हिशेबात एकच तिकीट असते. संध्याकाळी परत यायला गाडी आहे, एवढ्याच भरवशावर घरच्यांनी तिला ‘जा’ म्हटलेलं असतं. गाडी बंद झाली की कागदावर एक तिकीट कमी होतं आणि घरात एक शिक्षण. आणि ती आजी, जी महिन्यातून एकदाच प्रवास करते? ‘दुखलंच तर पहाटे गाडी आहे’ म्हणून ती बाकीचे एकोणतीस दिवस निवांत झोपते. ती न बसताही गाडी वापरत असते. सोय म्हणजे नुसता वापर नव्हे, भरवसाही. भरवशाचं तिकीट फाडता येत नाही.

२०२२पासून राज्यात पंचाहत्तरीपुढच्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे, २०२३पासून बायकांना अर्धं तिकीट. चांगलंच झालं. पण सवलत गाडीत बसल्यावर मिळते. इंग्लंडमध्येही म्हाताऱ्या माणसांना बसचा मोफत पास मिळतो, आणि तिथल्याही कित्येक खेड्यांतल्या बस बंद झाल्या आहेत. पास खिशात, गाडी नाही. अशा हक्काचं करायचं काय?

याच जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, लायगो-इंडिया ही वेधशाळा उभारायची आहे. २०२३मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांनी ती दूरच्या कृष्णविवरांच्या टकरीतून आलेली बारीकशी थरथर टिपणार आहे. तिथं तिकिटं किती खपतील, असं कुणी विचारत नाही, विचारूही नये. म्हणजे कमाईशिवायही एखादी गोष्ट मोलाची असते, हे आपल्याला कळतं. मग पाच माणसांच्या गाडीपाशी आल्यावरच आपण वाणी का होतो?

आपलाही हात यात आहे. आपण बाईक घेतली, काळी-पिवळीला हात केला, आणि गाडीतली माणसं कमी झाली. सातबारा फोनवर निघतो, पैसे फोनवर जातात, म्हणून गावाला आता काही कमी नाही असं वाटतं. पण तापानं फणफणलेलं पोर फोनवरून दवाखान्यात पोचत नाही.

प्रत्येक गाडी वाचवता येणार नाही, हे खरं. पैसा मोजकाच आहे. पण कोणती बंद करायची हे ठरवताना ‘किती जण बसतात?’ याच्या आधी ‘कोणाला दुसरा इलाज नाही?’ हे विचारलं पाहिजे. ज्याच्याकडे बाईक आहे त्याची गैरसोय होते. ज्याच्याकडे नाही त्याचं जाणंच थांबतं. या दोन नुकसानांची बेरीज एकाच रकान्यात करणं हा हिशेब नाही, अन्याय आहे.

पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा बाईक घरी ठेवून एकदा त्या गाडीनं जा. पाचाचे सहा होतील. आणि उरलेले पाच कोण आहेत, तेही दिसेल.