काठाचं काम

म्युनिकच्या मारिएनप्लाट्झ चौकात लुडविग बेक नावाचं भलंमोठं, झगमगीत दुकान आहे. 1861 साली ते सुरू झालं तेव्हा तिथे बटणं, गोंडे, झालरी आणि किनारी तयार होत. त्या काळी किनार हा स्वतंत्र धंदा होता. कापड एका कारागिराचं, काठ दुसऱ्याचा. कापडाला तो शिवून टाकला की काम झालं. सुयांवर विणलेल्या ब्लँकेटला काठ निवडताना आपणही हाच हिशेब धरतो. मधला चौकोन पुरा झाला, आता कडेला काहीतरी देखणं लावू. इथेच गाडी चुकते, असं माझं मत आहे.

नातवंडाच्या जन्माला पुण्या-नाशिकहून आलेली आजी म्युनिकमध्ये 90 दिवसांच्या व्हिसावर असते आणि त्यातले बरेच दिवस तिच्या हातात लोकर असते. तिच्यापुढे दोन मोह उभे राहतात. एक म्हणजे पैठणीचा काठ. मुनिया, नारळी, वेल, जे जमेल ते दोन रंगांत विणावं, म्हणजे परक्या गावी बाळाच्या अंगावर आपलं काही राहील. दुसरा मोह बव्हेरियाचा. इथल्या लेदरच्या चड्डीखाली घालायच्या लोकरी मोज्यांवर पिळाच्या टाक्यांची जी नक्षी असते, ती फार सुरेख आहे. लिझल फांडर्ल यांनी 1970च्या दशकापासून असे जुने नमुने गोळा करून पुस्तकांत छापले, म्हणून ते आज कोणालाही विणता येतात.

दोन्ही मोह मला समजतात. पण ब्लँकेटच्या काठाला दोन्ही चालत नाहीत.

मुनियाचं, म्हणजे काठावरच्या पोपटाचं, आधी पाहू. विणकामातला टाका चौरस नसतो, रुंदीला जास्त आणि उंचीला कमी असतो. चौकटीच्या कागदावर काढलेला पोपट सुयांवर उतरला की बसका होतो. ते गणित सांभाळून सोडवता येईल, पण मागच्या बाजूला न विणलेल्या रंगाचे धागे लोंबतात त्याचं काय? त्यांत बाळाची बोटं अडकतात. पिळाच्या नक्षीची गोष्ट वेगळी. ती कापड आवळते. पोटरीवर मोजा घट्ट बसायला हवा, तिथे हा गुणच आहे. ब्लँकेटच्या कडेला तोच दोष होतो. काठ आकसतो आणि मधला भाग फुगतो. शिवाय ब्लँकेट दोन्ही बाजूंनी दिसतं, मोज्याची उलटी बाजू कोण पाहतो?

म्हणजे काठ निवडताना पहिला प्रश्न ‘कोणता शोभेल?’ हा नाही. या कडेला कशाची गरज आहे, ते आधी विचारावं. एका बाजूने सगळं सुलट विणलेलं कापड कडेला वळतं, त्याची सुरळी होते. प्रत्येक ओळ सुलट विणलेलं, आडव्या घड्यांचं कापड वळत नाही. म्हणून काठ बहुधा तसा असतो. बाजूच्या कडेवरून टाके उचलताना चार ओळींमागे तीनच उचलायचे, कारण ओळ टाक्यापेक्षा बुटकी असते. चार उचलले तर झालर होते, दोन उचलले तर कड खेचली जाते. कोपऱ्यावर दर दुसऱ्या ओळीला दोन टाके वाढवले नाहीत, तर कोपरा वाटीसारखा वर येतो. जर्मनीत तान्ह्या बाळाला पहिलं वर्ष ब्लँकेटऐवजी झोपायच्या पिशवीत निजवायला सांगतात (आजीला हे पटवणं हा वेगळाच विषय). त्यामुळे हे ब्लँकेट बाबागाडीत आणि जमिनीवरच राहणार. त्याचा काठ ओढला जाईल, चावला जाईल, चाकात अडकेल. मोठ्या जाळीचा नाजूक काठ तिथे टिकत नाही.

विदर्भातल्या टसरच्या करवतकाठी साडीचा काठ आठवून पाहा. काठाचा आणि अंगाचा आडवा धागा वेगवेगळ्या धोट्यांनी विणतात, दोन्ही धागे जिथे एकमेकांत गुंततात तिथे करवतीचे दात उमटतात. त्या दातांसाठी वेगळी नक्षी काढावी लागत नाही. सांधा पक्का करण्याच्या कामातूनच ते येतात. उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायका आपली कवंदी, म्हणजे गोधडी, कडेपासूनच शिवायला घेतात आणि आत सरकत मध्यावर पोचतात. चार कोपऱ्यांना घडीच्या चिंध्यांची फुलं लावल्याशिवाय ती त्यांना उघडी वाटते. या दोन्ही कामांत काठ शेवटी आठवलेला नाही.

सुयांवर करवतकाठीचा सख्खा भाऊ सापडतो. ब्लँकेटच्या कडेला काटकोनात एक अरुंद पट्टी विणत जायची, दर दुसऱ्या ओळीला बाहेरच्या बाजूने एक टाका वाढवायचा आणि आठव्या ओळीला वाढवलेले सगळे टाके एकदम बंद करायचे. एक दात झाला. दर दोन ओळींना पट्टीचा शेवटचा टाका कडेच्या उचललेल्या एका टाक्यासोबत विणला की काठ आपोआप जोडला जातो, शिवण लागत नाही. मात्र एका दाताला कडेचे चार टाके लागतात, म्हणून उचललेले टाके चाराच्या पटीत हवेत. हे आधी ठरलेलं नसेल तर शेवटचा दात अर्धवट राहतो. हा काठ दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो आणि ज्याने नागपूर-भंडाऱ्याचे माग पाहिले आहेत त्याला ओळखीचाही वाटतो.

तेव्हा पहिला टाका घालायच्या आधी काठ ठरवा आणि त्याची लोकर वेगळी काढून ठेवा. 80 बाय 100 सेंटिमीटरच्या ब्लँकेटला चारी बाजूंनी 5 सेंटिमीटरचा काठ लावला, तर एकूण क्षेत्रफळातला जवळजवळ पाचवा हिस्सा काठाचा असतो. सगळे गुंडे एकाच रंगणीचे घ्या, वेष्टनावरचा लॉट क्रमांक जुळवून पाहा. चार महिन्यांनी तोच रंग दुकानात मिळाला, तरी तो तोच असतो असं नाही.