दस्त्यात मुरलेलं तेल



आजचं वाचन : गीता, अध्याय १६, श्लोक १ ते ३

खंडेनवमीला जुन्नरजवळच्या आमच्या गावी गेलो होतो. काकांकडे पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची जुनी बंदूक आहे. ती रिकामी असल्याची त्यांनी दोनदा खात्री केली आणि पूजेआधी दस्ता पुसायला मला बसवलं.

अक्रोडाचं लाकूड. आधी रेषांच्या दिशेने बारीक पॉलिश पेपर, मग कापडाच्या बोळ्याने जवसाचं तेल. मी भरपूर लावलं. काका म्हणाले, "अरे, जास्तीचं पुसून घे, नाहीतर चिकट राहील. लाकूड पिईल तेवढंच द्यायचं. हा हात वाळला की मग दुसरा." जवसाचं तेल मुरतं आणि हवेने हळूहळू घट्ट होतं. मग पावसाळी ओल लाकडात सहज शिरत नाही.

पंधरवड्यापूर्वी उसातून आलेल्या बिबट्याने आमचं वासरू नेलं होतं. खरं सांगतो, चकाकता दस्ता खांद्याला लावून पाहिला तेव्हा मला बरं वाटलं. मग लाज वाटली. रोज अहिंसा वाचणारा मी, मारायच्या वस्तूची इतक्या प्रेमाने सेवा करतोय?

"काका, त्या रात्री बंदूक का नाही काढली?"

"काढली होती. पण हात थरथरत होता. भ्यालेल्या हाताने चाप ओढू नये. परत ठेवली आणि सकाळी गोठ्याला जाळी मारली."

बिबट्याला १९७२ च्या कायद्याचं संरक्षण आहे, हे काकांना माहीत आहे. पण त्यांना थांबवलं ते कायद्याने नाही. आजच्या श्लोकांत दैवी गुणांची सुरुवात 'अभय'पासून होते, 'अहिंसा' दुसऱ्या श्लोकात येते. मला वाटतं, भीती गेल्याशिवाय अहिंसा टिकत नाही. ज्या रेड्याच्या मुखातून माऊलींनी वेद वदवले, त्याची समाधी आमच्याच तालुक्यात, आळ्याला आहे. तिथे हात जोडणं सोपं आहे. अंधारात गोठ्यापाशी उभं राहणं अवघड. ज्यांच्या घरातलं माणूस बिबट्याने नेलं, त्यांना तर मी काहीच शिकवू शकत नाही.

दस्त्याला तेल लावण्यात पाप नाही, असं मला आता वाटतं. प्रश्न एवढाच, की त्या वेळी मनात काय मुरतंय? काळजी की खुमखुमी?

मित्रांनो, आज रागाने काही बोलण्याआधी स्वतःला एकदा विचारूया : माझा हात थरथरतोय का?

रामकृष्णहरी.