आवरण्याचं बळ

सावकाश बसा. खांदे सैल सोडा. दोन्ही तळवे एकमेकांवर जोरात घासा आणि थांबा. हाताला लागलेली ऊब न्याहाळा. हालचाल संपली, तरी ती ऊब होऊन उरली आहे.

आता मॉस्को–लेनिनग्राड हा साडेसहाशे किलोमीटरचा लोहमार्ग मनात आणा. वर ३००० व्होल्टची तार. तिला पँटोग्राफ टेकवून एक इंजिन येतं आहे: चेएस-२. सोव्हिएत रेल्वेसाठी ते चेकोस्लोव्हाकियातल्या प्ल्झेनच्या स्कोडा कारखान्यात १९५८पासून बनत गेलं. चाकांच्या सहा जोड्या, प्रत्येक जोडीला स्वतंत्र मोटर, कमाल वेग ताशी १६० किलोमीटर. मागे माणसांनी भरलेले डबे.

धाव डोळे भरून पाहून घ्या. मग विचारा, हे आवरायचं कसं?

ब्रेकचे ठोकळे चाकांवर दाबायचे. तेही तळव्यांसारखे घासतात, तापतात, शिवाय झिजतात. वेग १६०वरून २००वर नेला, तर तो पावपटच वाढतो. पण गाडीच्या अंगातली ऊर्जा दीडपटीहून अधिक होते. या हिशेबापाशी थोडं रेंगाळा. वाढवलेला वेग थांबताना किती जड होतो, ते ध्यानात येऊ द्या.

म्हणून चेएस-२टी या त्याच इंजिनाच्या पुढच्या आवृत्तीत रिओस्टॅटिक ब्रेक आला. ओढणारी मोटरच आता जनित्र होते. धावेची वीज होते, विजेची रोधकांमध्ये उष्णता होते आणि ती हवेत जाते. चाकाला काहीही न घासता गाडी मंदावते. १९७०च्या दशकात चेएस-२०० हे इंजिन आलं: दोन भाग, चाकांच्या आठ जोड्या, ८४०० किलोवॅट, ताशी २०० किलोमीटर. त्यालाही हाच ब्रेक होता. अशी अवघी १२ इंजिनं बनली.

आता स्वतःकडे वळा. राग असेल, कामाची घाई असेल. जे तुम्हाला पळवतं आहे ते ओळखा. नुसतं दाबून धरलं, तर झीज तुमचीच. त्याच जोराला दुसरी वाट देता येते का, पाहा.

मात्र एक विसरू नका. वेग उतरत गेला की रिओस्टॅटिक ब्रेकचा जोरही ओसरतो. गाडी पुरती उभी करायला शेवटी ठोकळेच लावावे लागतात. ओढ वळवली, तरी अखेरचं ‘पुरे’ आपल्यालाच म्हणावं लागतं. आज एखादं काम अर्ध्यावर असताना ते म्हणून पाहा.