मन चांगले की करणी चांगली?

सप्ताहात कीर्तन आटोपून मंडळी पंगतीला बसली की एक शंका हमखास निघते. माणूस चांगला म्हणायचा तो कशावरून? मनावरून की करणीवरून? एकजण म्हणतो, “देव भावाचा भुकेला. मन साफ असलं म्हणजे झालं.” दुसरा म्हणतो, “मनातलं कुणी पाहिलं? हातून काय घडतं ते बघा.” दोघेही माळकरी, आणि दोघांचेही बोलणे निम्मे खरे.

पहिल्याला आधार गीतेचाच आहे. हातपाय आवरून बसला, पण मनात विषयांचेच चिंतन करीत राहिला, त्याला भगवंतांनी तिसऱ्या अध्यायात मिथ्याचारी, म्हणजे ढोंगी म्हटले आहे. ज्ञानोबारायांनी तेराव्या अध्यायात अहिंसा सांगताना अहिंसक पुरुषाचे चालणे, बोलणे, पाहणे, हातांचे वागणे सारे वर्णिले, आणि या सर्वांचे मूळ मनात आहे असा निर्वाळा दिला.

पण माऊलींच्या सांगण्याची दुसरी बाजू आपण सोयीने विसरतो. मूळ मनात असेल तर ते हातापर्यंत आलेच पाहिजे. विहिरीला पाणी आहे म्हणता आणि मोट दरवेळी कोरडीच वर येते, तर पाणी आहे हे मानायचे कसे?

दूरचा दाखला नको, आपल्या बीड जिल्ह्याचाच घ्या. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे जिल्ह्यात अवघ्या ८०७ मुली भरल्या; साऱ्या महाराष्ट्रात सर्वांत कमी. २००१ साली हाच आकडा ८९४ होता. गर्भलिंगनिदानाला बंदी करणारा कायदा तर १९९४ चा! २०१२ साली परळीत, वैजनाथाच्या गावात, बेकायदा गर्भपातात एक माऊली दगावली. त्याबद्दल डॉक्टर पतिपत्नींना कोर्टाने २०१९ साली दहा वर्षांची सजा दिली.

आता विचार करा. मुकुंदराज आणि दासोपंत यांच्या समाध्या ज्या जिल्ह्यात, तिथली ही गोष्ट. मुक्ताबाई-जनाबाईंचे अभंग ऐकताना आपले डोळे भरून येतात. कमी भरलेल्या मुली काही राक्षसांच्या घरच्या नव्हत्या. त्या घरी विचारले असते तर उत्तर आले असते, “लेक म्हणजे लक्ष्मीच हो. आमच्या मनात काही वाईट नाही. पण हुंडा कुठून आणायचा? ऊसतोडीला जाताना वयात आलेली पोर कुणापाशी ठेवायची?” अडचण खरी आहे. मनही खरोखर कळवळले असेल. पण त्या कळवळ्याने एकही पोर वाचली नाही.

मग मनात वाईट आले की माणूस वाईट झाला काय? तसेही नाही. तिसरी मुलगी झाली, बापाचा चेहरा उतरला, नको तो विचारही येऊन गेला. पण त्याने तिला उचलून छातीशी धरले, हौसेने बारसे केले, वेळेवर शाळेत घातले, तर तो विचार आला तसा गेला. मनात काय यावे हे आपल्या हाती नाही. त्याला थारा द्यावा की नाही, हे मात्र आहे.

नवव्या अध्यायात भगवंत दुराचाऱ्यालाही, तो अनन्यभावाने भजू लागला तर, साधू मानायला सांगतात; कारण त्याचा निश्चय नीट झाला. आणि लगेच पुढच्या श्लोकात म्हणतात, तो लौकरच धर्मात्मा होतो. निश्चयाला एवढा मान दिला, पण ‘लौकरच’ हेही सांगितले. खरा निश्चय फार दिवस मनात बसून राहत नाही.

तेव्हा सज्जनहो, सून गरोदर राहिली की तसल्या तपासणीच्या दाराशीच “नाही” म्हणा. लेकाच्या लग्नात हुंडा घेऊ नका. शेजारी ऊसतोडीला निघाला तर त्याची पोर सहा महिने आपल्या लेकीबरोबर सांभाळा. विठोबा कमरेवर हात ठेवून उभा आहे, आणि त्याच्यापुढे जोडलेले आपले हात मागे काय करून आले, हे त्याला सांगावे लागत नाही.

रामकृष्णहरि.