न पाहिलेलं यांगून

‘नॉट ॲट होम’ खेळताना हवं ते पान समोरच्याकडे नेमकं नाव घेऊन मागावं लागतं. हाच डाव मराठीच्या तासाला जगातल्या शहरांवर बेतता येतो. एकेका शहराची चार पानं: पाणी, वाहन, खाणं, वास्तू. ‘तुझ्याकडे इस्तंबूलची फेरीबोट आहे का?’ असं पूर्ण वाक्य विचारलं तरच पान मिळतं, नाहीतर पाळी गेली.

2020च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या शाळांत मराठी सक्तीची झाली. मुंबईतल्या चारकोपचंच उदाहरण घ्या. तिथे घरी गुजराती किंवा हिंदी बोलणारी मुलं मराठी मुलांशेजारी बसतात. कायद्याने तास मिळतो. बोलण्याची निकड डावातच निर्माण होते.

भाषा या निकडीतून कशी उमगते, हे वाक्यार्थाचा विचार करणाऱ्या प्राचीन भारतीय मीमांसकांनी फार बारकाईने पाहिलं. एक वडीलधारा दुसऱ्याला म्हणतो, ‘गाय आण’, आणि तो गाय आणतो. पाहणाऱ्या मुलाला आधी अख्ख्या वाक्याचा अर्थ लागतो. मग ‘गाय बांध’, ‘घोडा आण’ ऐकत ऐकत ते एकेक शब्द सुटा करतं. त्यांच्यापैकी प्रभाकरांच्या मते शब्द इतर शब्दांशी जोडलेलाच अर्थ सांगतो. कुमारिल भट्टांच्या मते शब्द आधी आपापला अर्थ सांगतात, मग ते अर्थ जुळतात. पाश्चात्त्य तत्त्वज्ञ विटगेनश्टाइनच्या 1953च्या ग्रंथातही सुरुवातीलाच गवंडी आणि त्याला दगड आणून देणारा मदतनीस भेटतात.

सुरुवातीच्या डावांत प्रभाकरांचंच म्हणणं पटतं, कारण मुलं वाक्य सबंध उचलतात. पण एखादी मुलगी ‘लपवू नकोस, टोकियोची बुलेट ट्रेन तुझ्याकडेच आहे!’ असं कोणी न शिकवलेलं वाक्य बोलते, तेव्हा कुमारिलांकडे वळावंच लागतं.

खरा पेच पुढे आहे. गाय आणता येते, पण पानावरचं यांगून आणता येत नाही. मग ते पान जिंकणाऱ्याने नेमकं काय जाणलं?

न्यायदर्शनाचे पंडित, नैयायिक, इथे उपमान, म्हणजे साम्यावरून होणारं ज्ञान, हे प्रमाण पुढे करतात. ‘गवा गायीसारखा असतो’ असं ऐकलेल्या माणसाला रानात तसा प्राणी दिसला, की तो गवा म्हणून ओळखू येतो. चारकोपच्या मुलांसाठी यांगूनची ओळख खाडीपलीकडे गोराईला उभी आहे. 2009मध्ये खुला झालेला ग्लोबल विपश्यना पॅगोडा ब्रह्मदेशातल्या यांगूनच्या श्वेडगोन पॅगोड्याच्या धर्तीवर बांधला आहे. ब्रह्मदेशाने विपश्यना जपली, याची ती कृतज्ञता. पानावर नुसतं ‘श्वेडगोन’ छापलं, तर नाव तेवढं पाठ होईल. ‘गोराईच्या पॅगोड्यासारखा, पण आतून भरीव’ असं लिहिलं, तर मूल विचारात पडेल. गोराईच्या घुमटाखाली एकही खांब नाही आणि तिथे आठ हजार माणसं ध्यानाला बसू शकतात. श्वेडगोनच्या पोटात मात्र असं दालन नाही.

म्हणूनच शहरांची लोकसंख्या छापायची आणि मोठा आकडा दाखवणाऱ्याने पान उचलायचं, हा प्रकार भाषेच्या तासाला नको. त्यात कोणी कोणाला काही विचारतच नाही. त्यापेक्षा मुलांनीच जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर पानं करावीत आणि प्रत्येक शहरापुढे आपल्या भागातलं एक साम्य आणि एक फरक लिहावा. इस्तंबूलपुढे मार्वे-मनोरीची फेरीबोट येईलच. फक्त ती एका खंडातून दुसऱ्या खंडात नेत नाही.